एडमंटनला चाललात? मुलांसाठी पब्लिक शाळा की कॅथलिक शाळा

पुण्या-मुंबईहून कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटनला यायचं नक्की झालं की नोकरी आणि थंडी यांच्यानंतर पहिला प्रश्न मुलांच्या शाळेचा येतो. आणि तो बहुतेक वेळा असा येतो: "तिकडे कॅथलिक शाळासुद्धा मोफत आहेत म्हणे. मग कॉन्व्हेंटच बरं ना?"

हा विचार आपण घरून घेऊन येतो. महाराष्ट्रात कॉन्व्हेंट म्हटलं की चांगलं इंग्रजी, कडक शिस्त आणि प्रवेशासाठी धावपळ डोळ्यांसमोर येते. सरकारी किंवा महापालिकेची शाळा म्हणजे ज्यांना खाजगी परवडत नाही त्यांची, हा समजही तितकाच घट्ट आहे. एडमंटनला हे दोन्ही समज बाजूला ठेवावे लागतात. इथे पब्लिक आणि कॅथलिक या दोन्ही शाळा सरकारी पैशावर चालतात, दोन्हीकडे शिकवणीची फी नाही, आणि एक श्रीमंतांची, दुसरी गरिबांची असा भेद नाही. म्हणून निवड करताना आपल्या सवयीचे निकष उपयोगी पडत नाहीत. वेगळे निकष लागतात.

आधी या दोन संस्था काय आहेत ते पाहू. एडमंटन पब्लिक स्कूल्सच्या २०० हून अधिक शाळा आहेत आणि विद्यार्थी १,२०,००० च्या आसपास. एडमंटन कॅथलिक स्कूल्सच्या शाळा १०० च्या आसपास आणि विद्यार्थी साधारण ५०,०००. पब्लिकची सुरुवात १८८० च्या दशकातली, कॅथलिकची १८८८ सालची. १९०५ मध्ये अल्बर्टा प्रांत झाला तेव्हा कॅथलिकांच्या स्वतंत्र शाळांचा हक्क प्रांताच्या स्थापनेच्या कायद्यातच घातला गेला. त्यामुळे धर्माधारित शाळांना सरकारी पैसा कसा, हा आपल्याला पडणारा प्रश्न इथे घटनेनेच निकालात काढलेला आहे.

दोन्हीकडे 'बोर्ड' असतं, पण ते आपल्या एसएससी किंवा सीबीएसईसारखं परीक्षा मंडळ नव्हे. ते शाळा चालवतं. अभ्यासक्रम प्रांत ठरवतो आणि तो दोघांना एकच. सहावी आणि नववीला प्रांताच्या चाचण्या होतात, त्याही एकच. बारावीच्या मुख्य विषयांना डिप्लोमा परीक्षा असते आणि अंतिम गुणांत तिचा वाटा ३० टक्के असतो, तोही दोन्हीकडे सारखा. शिक्षण कराचे पैसे १९९४ पासून प्रांत एकत्र करतो आणि विद्यार्थिसंख्येच्या हिशेबाने दोन्ही बोर्डांना देतो. शिक्षकांची पात्रता एक, संघटनाही एक. "कॅथलिकमध्ये गणित जास्त चांगलं शिकवतात" किंवा "पब्लिकमध्ये अभ्यास ढिला असतो" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर ते एखाद्या शाळेबद्दल किंवा एखाद्या शिक्षकाबद्दल खरं असेल. बोर्डाबद्दल तसं म्हणायला आधार नाही.

हे सारखेपण किती खोलवर आहे ते ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसलं. ६ तारखेला अल्बर्टाचे ५१,००० शिक्षक संपावर गेले. पब्लिक, कॅथलिक, फ्रँकोफोन (फ्रेंच भाषकांच्या), सगळ्या शाळांचे वर्ग बंद झाले. वर्गांत मुलं फार झाली आहेत आणि प्रत्येक वर्गात वेगवेगळ्या गरजांची मुलं सांभाळायला माणसं पुरत नाहीत, हे त्यांचं मुख्य म्हणणं होतं. सरकारने कायदा करून संप संपवला आणि २९ तारखेला मुलं परत वर्गात आली. भरलेले वर्ग हा दोन्ही घरांचा प्रश्न आहे. शहर वेगाने वाढतंय आणि शाळा त्या वेगाने उभ्या राहिलेल्या नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रांताने शाळा बांधणीसाठी ८.६ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली, पण आज पहिलीत जाणाऱ्या मुलाला त्या इमारती मिळतीलच असं नाही.

तुमच्या मुलाला घ्यायला कोण बांधील आहे

माझ्या मते तुलनेतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे, आणि गप्पांमध्ये तो क्वचितच निघतो.

तुम्ही कॅथलिक नसाल तर कायद्याच्या दृष्टीने तुमचं मूल पब्लिक बोर्डाचं. एडमंटन पब्लिकला त्याची सोय करावीच लागते. वर्षाच्या मध्यावर आलात, फेब्रुवारीत उणे तीसमध्ये विमानतळावर उतरलात, मुलाला इंग्रजी फारसं येत नाही, तरीही. कॅथलिक बोर्ड बिगर-कॅथलिक मुलांना घेतं, आनंदाने घेतं, पण जागा असेल तर. आधी कॅथलिक कुटुंबं, मग बाकीचे. आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांपैकी जी कॅथलिक आहेत, वसईची असोत वा गोव्याची, त्यांचं गणित अर्थात उलटं आहे. त्यांच्यासाठी कॅथलिक बोर्ड हे हक्काचं घर आहे. मुलांचे बाप्तिस्म्याचे दाखले सामानात वरच्या वर ठेवा, विचारले जातात.

मात्र 'सोय करावीच लागते' याचा अर्थ 'घराजवळच्या शाळेत' असा नाही, हे नीट समजून घ्या. प्रत्येक पत्त्याला एक नेमलेली शाळा असते. मिल वुड्ससारख्या जुन्या वस्तीत ती बहुतेकदा चालत जाण्याच्या अंतरावर असते. दक्षिणेकडच्या आणि आग्नेयेकडच्या नव्या वसाहतींत, जिथे भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने घरं घेतात, चित्र वेगळं आहे. तिथे समोर छान नवी शाळा दिसते आणि ती भरलेली असते. काही शाळांत जागांसाठी सोडत निघते, आणि तुमच्या मुलाला बसने दुसऱ्या भागातल्या शाळेत जावं लागतं. घर दाखवणारा एजंट "शाळा समोरच आहे" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. शाळा समोर असते. जागा असते की नाही, हे त्याने तपासलेलं नसतं.

आणि इथेच अनेक आपली कुटुंबं कॅथलिककडे वळतात. धर्मासाठी नाही, शिस्तीसाठीही नाही. पब्लिक शाळा भरलेली, शेजारची कॅथलिक शाळा जागा द्यायला तयार, आणि सहा वर्षांच्या मुलाला काळोख्या सकाळी बसथांब्यावर उभं करायचं की पाच मिनिटांत चालत पोचवायचं, असा साधा प्रश्न समोर असतो. हे कारण पूर्णपणे रास्त आहे. ते मनाशी मोकळेपणाने मान्य करावं, म्हणजे पुढचा विचार सरळ होतो.

शाळेतला धर्म

कॅथलिक शाळेत धर्म हा वेळापत्रकातला एक तास एवढाच नसतो. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते. धर्मशिक्षणाचा विषय बालवाडीपासून बारावीपर्यंत असतो. मिस्सा म्हणजे सामूहिक उपासना असते, ख्रिसमसच्या आधीचा आगमनकाळ पाळला जातो, राखेचा बुधवार येतो, ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ म्हणजे लेंट येतो. मिस्सेच्या वेळी कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद, कॅथलिक मुलंच घेतात. आपली मुलं जागेवर बसून राहतात किंवा छातीवर हातांची फुली करून आशीर्वाद घेतात. दुसरीच्या आसपास वर्गातली कॅथलिक मुलं पहिल्या कम्युनियनची तयारी करतात. पांढरे कपडे, भेटी, फोटो. त्या दिवसांत घरी येऊन "मी का नाही?" असं विचारणारं मूल असू शकतं. त्याला काय सांगायचं हे आधी ठरवून ठेवा.

याला घाबरायचं कारण नाही. महाराष्ट्रातल्या मिशनच्या शाळांत शिकलेल्या हजारो हिंदू, बौद्ध, मुसलमान मुलांनी सकाळची प्रार्थना म्हटली आणि घरी येऊन आपापले सण केले. फरक असा की तिथे घराबाहेर पडलं की गल्लीत गणपती होता, आंबेडकर जयंतीची मिरवणूक होती, ईदचा बाजार होता. एडमंटनला ते वातावरण घरातच तयार करावं लागतं, नाहीतर मंडळाच्या कार्यक्रमात. मुलाच्या दिवसाचे सात तास एका धर्माच्या भाषेत जात असतील, तर घरातला वाटा जाणीवपूर्वक मोठा ठेवावा लागेल. ज्या घरात आई-बाबा दोघेही बाहेर काम करतात, शिफ्टमध्ये काम करतात, तिथे हा वेळ कुठून येणार, हा खरा प्रश्न आहे.

नास्तिक किंवा बुद्धिवादी घरांनी तर हा विचार आणखी काळजीने करावा. "तेवढा तास वगळा" असं म्हणून सुटका होत नाही, कारण शाळेची सगळी घडणच त्या श्रद्धेवर आहे, आणि प्रवेश घेताना तुम्ही तिचा मान राखाल अशी अपेक्षा असते. लैंगिक शिक्षण, कुटुंबाची कल्पना, समलिंगी मुलांबद्दलचा दृष्टिकोन या सगळ्यावर चर्चच्या शिकवणीचा प्रभाव असतो. एडमंटन पब्लिकने समलिंगी आणि पारलिंगी विद्यार्थ्यांच्या संरक्षणासाठी २०११ मध्येच स्वतंत्र धोरण आणलं. कुठलं वातावरण तुम्हाला हवं हे तुमच्या घराने ठरवायचं, पण दोन्हीत फरक आहे हे माहीत असूनच.

पब्लिकमध्ये धर्म अजिबात नाही असंही समजू नका. लोगोस नावाचा ख्रिस्ती कार्यक्रम तिथल्याच काही शाळांत चालतो. ज्यू समाजाची तालमुद तोरा ही शाळा १९७५ पासून एडमंटन पब्लिकमध्ये आहे. पण तुम्ही निवडल्याशिवाय ते तुमच्या मुलाच्या वाट्याला येत नाही.

पब्लिकची खरी श्रीमंती

एडमंटन पब्लिकची ओळख कॅनडाबाहेरही आहे, आणि ती १९७० च्या दशकातल्या एका निर्णयामुळे. मायकेल स्ट्रेंबित्स्की १९७३ ते १९९४ या काळात तिथले प्रमुख होते. त्यांनी दोन गोष्टी केल्या: शाळेच्या पैशाचे बरेचसे निर्णय मुख्याध्यापकांच्या हाती दिले, आणि पालकांना नेमलेल्या शाळेच्या बाहेरचीही शाळा निवडायची मोकळीक दिली. त्यातून वेगवेगळ्या कार्यक्रमांच्या शाळा उभ्या राहिल्या. समरसाइड भागातल्या एका शाळेला आज त्यांचं नाव आहे.

आज यादी मोठी आहे. फ्रेंच इमर्शन, म्हणजे बहुतेक विषय फ्रेंचमधून शिकणं, तर आहेच. इंग्रजीच्या जोडीला मँडरिन, अरबी, युक्रेनी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू यांतून शिकवणारे द्वैभाषिक कार्यक्रम आहेत, अमेरिकन सांकेतिक भाषेचाही आहे. १९७१ मध्ये अल्बर्टाने इंग्रजी-फ्रेंचखेरीज इतर भाषांतून शिकवायला कायद्याने परवानगी दिली आणि १९७४ मध्ये एडमंटनला युक्रेनी कार्यक्रम सुरू झाला. संगीत, नाटक, नृत्याची ओढ असणाऱ्या मुलांसाठी व्हिक्टोरिया स्कूल ऑफ द आर्ट्स आहे. खेळाडूंसाठी आणि नर्तकांसाठी व्हायमी रिज अकॅडमी आहे. मुलींसाठी नेली मॅक्लंग कार्यक्रम आहे. पारंपरिक पद्धतीचा, शिक्षककेंद्री आणि शिस्तीचा कोजिटो कार्यक्रम आहे. ज्या पालकांना 'कॉन्व्हेंटसारखं' हवं असतं, त्यांनी खरं तर हा पाहावा. आदिवासी संस्कृतीच्या पायावर उभी असलेली अमिस्क्वाची अकॅडमी २००० सालापासून आहे.

कॅथलिक बोर्डाकडेही फ्रेंच, स्पॅनिश आणि युक्रेनीचे पर्याय आहेत. पण दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर पब्लिकची यादी बरीच लांब आहे.

मराठी? शाळेत नाही. दोन्ही बोर्डांत नाही. मराठी घरी, आणि शनिवार-रविवारी जिथे मंडळ शाळा चालवतं तिथे. उत्तर अमेरिकेच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाने मराठी शाळांसाठी अभ्यासक्रम तयार केला आहे, तो उपयोगी पडतो. मुलाला फ्रेंच इमर्शनला घातलं तर मराठी मागे पडेल का, असं पालक विचारतात. मला वाटतं, मराठी मागे पडते ती घरात इंग्रजी बोलायला लागल्यामुळे. शाळेतल्या फ्रेंचचा त्यात दोष नसतो.

या श्रीमंतीचा एक खर्च आहे: वेळ आणि प्रवास. आवडीचा कार्यक्रम घराजवळ असेलच असं नाही, बसची सोय सगळीकडे नसते, आणि थंडीत शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला रोज जायचं म्हणजे कुटुंबाची दिनचर्या त्याभोवती फिरते. नेमलेल्या शाळेच्या बाहेरची शाळा हवी असेल तर पुढच्या सप्टेंबरसाठीची नावनोंदणी हिवाळ्यातच, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. जूनमध्ये उतरून "आम्हाला अमुक शाळा हवी" म्हटलं तर उशीर झालेला असतो.

नववीनंतर

इथे शाळा तीन टप्प्यांत असते: सहावीपर्यंत प्राथमिक, सातवी ते नववी ज्युनियर हाय, दहावी ते बारावी सीनियर हाय. पब्लिक-कॅथलिक अदलाबदल करायला या वळणांवर कुणी अडवत नाही. बरीच मुलं प्राथमिकला जवळच्या कॅथलिक शाळेत जातात आणि दहावीला पब्लिकमध्ये येतात. म्हणून पाच वर्षांच्या मुलाची शाळा निवडताना बारावीपर्यंतचं ओझं डोक्यावर घेऊ नका.

हायस्कूलला मात्र मराठी पालकांच्या तोंडी एक नाव येतंच: ओल्ड स्कोना. ही पब्लिकची छोटी, निवडक शाळा. प्रवेश परीक्षा आणि गुणांवर मुलं घेते, इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवते, आणि फ्रेझर इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या क्रमवारीत वर्षानुवर्षं अगदी वर असते. चांगली शाळा आहे यात शंका नाही. पण ती क्रमवारी परीक्षांच्या निकालांवर बनते, आणि निवडून घेतलेल्या मुलांचे निकाल चांगले येणारच. तेवढ्यासाठी सातवीपासून मुलाला शिकवण्यांना जुंपायचं असेल तर आपण कोटा सोडून एडमंटनला का आलो, हे स्वतःला विचारावं. इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट स्ट्रॅथकोना, हॅरी एन्ली, रॉस शेपर्ड या मोठ्या पब्लिक हायस्कूलांतही आहे आणि कॅथलिककडे आर्चबिशप मॅक्डोनाल्डमध्ये आणि मिल वुड्सच्या होली ट्रिनिटीत आहे. मोठ्या शाळेत विषयांची निवड जास्त, यंत्रशाळा, स्वयंपाकघरं, बँड, सगळं असतं. लाजाळू मूल तिथे हरवूही शकतं. त्याच्यासाठी छोटी कॅथलिक शाळा जास्त मानवेल, असं होऊ शकतं.

ज्यांच्या मुलाला जास्त मदत लागते

मूल स्वमग्न असेल, शिकण्यात अडचण असेल, ऐकू कमी येत असेल, तर बाकी सगळी तुलना बाजूला ठेवा आणि आधी हे पाहा. दोन्हीकडे अशा मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा बनतो. पब्लिककडे संख्येमुळे खास वर्गांची व्यवस्था मोठी आहे: स्वमग्न मुलांसाठी 'इंटरअ‍ॅक्शन्स', अध्ययन अक्षमतेसाठी 'स्ट्रॅटेजीज', शिवाय असामान्य बुद्धीच्या मुलांसाठी 'चॅलेंज'. भारतातले वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय अहवाल इंग्रजीत करून सोबत आणा, नाहीतर इथल्या तपासणीची वाट पाहण्यात महिने जातात.

पब्लिकची दुसरी बाजूही सांगायला हवी. जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये तिथले ३,००० हून अधिक साहाय्यक कर्मचारी संपावर होते. वर्गात मदतनीस नसल्याने सगळ्यात जास्त झळ याच मुलांना लागली. त्यांतल्या काहींना घरी राहावं लागलं. त्या कर्मचाऱ्यांचे पगार खरोखरच कमी होते, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. पण तुमच्या घरी असं मूल असेल तर "मदतनीस किती, सुटीवर गेल्या तर पर्याय काय" हे शाळेला नीट विचारा.

मत कुणाला

पब्लिक बोर्डावर ९ आणि कॅथलिक बोर्डावर ७ विश्वस्त लोक निवडून देतात, दर चार वर्षांनी. नागरिकत्व मिळाल्यावर तुम्हालाही मत असेल, पण अल्बर्टात कॅथलिक विश्वस्तांना मत देण्याचा आणि तिथे उभं राहण्याचा हक्क कॅथलिकांनाच आहे. तुमचं मूल कॅथलिक शाळेत बारा वर्षं शिकलं, तुम्ही पालक समितीत खपलात, तरी त्या बोर्डाच्या निवडणुकीत तुम्ही बाहेरचेच. तुमचं मत पब्लिक बोर्डाला जातं. काहींना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. मला ती वाटत नाही. शाळा बंद करायची की नवी उघडायची, पैसा कुठे घालायचा, हे जे लोक ठरवतात त्यांना जाब विचारता आला पाहिजे.

चार्टर शाळांचा उल्लेख थोडक्यात. सरकारी पैशावर पण या दोन्ही बोर्डांबाहेर स्वतंत्रपणे चालणाऱ्या, १९९४ च्या कायद्याने आलेल्या या शाळा कॅनडात फक्त अल्बर्टात आहेत, मोफत आहेत, आणि प्रतीक्षायादीवर नाव टाकायला हरकत नाही. ते मिळेल असं धरून घर घेऊ नका.

माझं मत विचाराल तर कॅथलिक नसलेल्या मराठी कुटुंबाने पब्लिकपासून सुरुवात करावी. हक्क तिथे आहे, निवड तिथे आहे, मत तिथे आहे. नेमलेली पब्लिक शाळा लांब असेल आणि चालत जाण्याच्या अंतरावर कॅथलिक शाळेत जागा असेल, मूल लहान असेल, आणि घरात तुमची स्वतःची श्रद्धा किंवा विचार रोजच्या बोलण्यात जिवंत असतील, तर कॅथलिक शाळा घ्यायला काहीच हरकत नाही. घर ठाम नास्तिक असेल, किंवा मुलाला खास कार्यक्रम हवा असेल, तर लांबचा प्रवास सोसूनही पब्लिक घ्या.

आणि भाडेकरारावर सही करण्याआधी एवढं करा. दोन्ही बोर्डांच्या संकेतस्थळांवर तो पत्ता घालून नेमलेली शाळा शोधा. मग शाळेच्या ऑफिसात फोन करून विचारा: आमच्या मुलाच्या इयत्तेत आत्ता जागा आहे का, नसेल तर मूल कुठल्या शाळेत जाईल, आणि तिथे पिवळी बस जाते का. पासपोर्ट, परमिट, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि पत्त्याचा पुरावा हाताशी असू द्या. पालक स्टडी परमिटवर असतील तर मुलाला फी लागेल की नाही हे बोर्डाकडून लेखी घ्या, कारण अटी लागू झाल्या नाहीत तर परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जाते.